गोगलगायींची बरणी

गोगलगायी परत घ्या म्हणणारं गिऱ्हाईक क्रॉफर्ड मार्केटात त्याआधी कधी आलं नव्हतं. नंतरही आलं असेल असं वाटत नाही.

शैला आली ती शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. हातात आईची लोणच्याची काचेची बरणी, बरणीत पाणी, आणि पाण्यात मळसूत्रासारख्या पिळाच्या इवल्या इवल्या गोगलगायी. रंगीत माशांच्या त्या दुकानातून तिनं पावसाळ्यात शाळेसाठी दोन सोनेरी मासे आणि पाण्यातल्या गवताची एक जुडी नेली होती. गवताला एक गोगलगाय चिकटून आली होती. एकच. आता वर्गातल्या काचपेटीत माशांना वळायलाही जागा नव्हती, आणि मोठ्या बाई मीराबाईंनी विचारलं होतं की ही काचपेटी माशांची आहे की गोगलगायींची, ते एकदा ठरवून टाका.

दुकानात तुळशीदास बसला होता. त्यानं बरणी उजेडात धरली, फिरवून पाहिली आणि गंभीरपणे सांगितलं, की विकलेला माल परत घेतला जात नाही.

"हा विकलेला नाही," शैला म्हणाली. "फुकट आला होता."

"मग तर अवघडच. विकलेलंच परत घेत नाही, तर न विकलेलं कसं घेऊ?"

शैला गिरगावातल्या मुलींच्या शाळेत निसर्ग-अभ्यास शिकवायची. चाळीस मुली समोर असताना हसू दाबायची तिला सवय होती. तिनं ते दाबलं. मग त्यानं विचारलं, एकच गेली होती म्हणता, तर एवढ्या कशा झाल्या? ती म्हणाली, एकीच्याच झाल्या. त्यानं घसा खाकरून, शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं, की... म्हणजे... दुसरं कोणी?

"दुसरं कोणी लागत नाही," शैलानं बाईंच्या आवाजात सांगितलं. तिनं ग्रंथालयात वाचलं होतं. ह्या गोगलगायींत बहुतेक साऱ्या माद्याच. नर क्वचित असतो, नसला तरी काही अडत नाही. पिल्लं आईच्या पोटात वाढतात आणि शंखासकट, अगदी आवरून-सावरून बाहेर येतात. दिवसा वाळूत पुरून घेतात, अंधार पडला की निघतात.

तुळशीदासानं बरणीकडे नव्या आदरानं पाहिलं.

"नवरा नाही... मग रुसायचं कुणावर?"

ह्या वेळी हसू दाबलं गेलं नाही. आणि ते नेमकं त्याच्याकडे बघतानाच फुटलं, म्हणजे आता नाकारताही येईना. त्यानं बरणी ठेवून घेतली. म्हणाला, पुढच्या शनिवारी रिकामी घेऊन जा.

पुढच्या शनिवारी तिनं रिकामी नेली आणि त्याच्या पुढच्या शनिवारी भरून आणली. ह्यात तिचा काही दोष नव्हता. गोगलगायी वाढतच होत्या. फक्त पूर्वी त्या तिला अडचण वाटायच्या, आता शुक्रवारी संध्याकाळी पुरेशा सापडल्या नाहीत तर ती वाळू हातानं चाळू लागली होती.

ह्या शनिवारांत तिला कळलं, की तुळशीदास कफ परेडच्या मच्छीमार वस्तीतला. बाप, चुलते, आजे, सगळे दर्यावर गेलेले. हा एकटा असा निघाला की होडीत पाय ठेवला की ह्याच्या पोटात ढवळायचं. वैद्य झाले, नारळ झाला, एकदा तर ह्याला होडीला बांधूनही पाहिलं. शेवटी सगळ्यांच्या लक्षात आलं की मासे आणि हा, दोघं एका वेळी पाण्यावर असू शकत नाहीत. म्हणून त्यानं मासे जमिनीवर आणले. घरात एक काचपेटी ठेवली, तिच्यात मासे पाळले आणि त्यांना खायला घालू लागला. त्याची आई पुतळाबाई लालबागच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या मते हा प्रकार उलटा होता. माशानं माणसाला खायला घालायचं, एवढी साधी गोष्ट ह्याला पंचवीस वर्षांत समजली नव्हती.

"एकदा तिला तारापोरवाला मत्स्यालयात नेलं," तुळशीदास सांगत होता. "प्रत्येक काचेसमोर उभी राहून कालवणाला कुठला, तळायला कुठला ते मोठ्यानं सांगत सुटली. मागं गर्दी जमली. लोकांना वाटलं, ही तिथलीच बाई."

शैला हसत राहिली. पाऊस संपत आला होता, मार्केटच्या पत्र्यावर हस्त नक्षत्राची एक सर येऊन गेली, आणि ती सर थांबल्यावरही ती निघाली नाही हे दोघांनीही पाहिलं. दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

मग एका शनिवारी मार्केटात गडबड उडाली. ते दिवसच तसे होते; संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा कुठून कुठे वळेल हे मोर्च्यालाही सांगता यायचं नाही. भराभर दुकानांच्या फळ्या लागल्या. तुळशीदासानं शैलाला ट्राममध्ये बसवून दिलं आणि हातातल्या बरणीचं काय करावं हे न सुचून ती तशीच घरी नेली. आईनं विचारलं, काय हाय? तो म्हणाला, शाळेच्या बाईंनी दिल्यात. एवढं बोलून तो हातपाय धुवायला गेला.

पुतळाबाईनं बरणीत पाहिलं. ओळखीच्या शिंपल्यांपैकी तिसऱ्या नाहीत, खुबे नाहीत, कालवं नाहीत. पण शंखातला जीव, पाण्यासकट, बरणीत घालून एका पोरीनं आपल्या लेकाच्या हाती धाडला, म्हणजे वस्तू रांधायचीच असणार. मच्छीमाराच्या घरी बरणीतून जीव येतो तो बघत बसायला येत नाही. तिनं कांदा-खोबरं भाजलं, वाटण लावलं, आमसूल टाकलं.

तुळशीदास हातपाय पुसत बाहेर आला तोवर कालवणाला उकळी आली होती.

सोमवारी तो शाळेच्या फाटकापाशी उभा होता. शैला बाहेर आल्यावर त्यानं घडलेलं सगळं सरळ सांगितलं. आईनं एकेक शंख चोखून पाहिला. आत काही मिळेना. पण दिलेल्या वस्तूला नाव ठेवायची तिची रीत नाही. शेवटी एवढंच म्हणाली, की पोरीचा हात मोठा हाय, बाजार कळत नाय.

शैला भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून हसली. मग थांबली. "त्यांनी... खाल्लं?"

"रस्सा खाल्ला. आणि ही बरणी." त्यानं बरणी पुढे केली. ती सुक्या जवळ्यानं गच्च भरलेली होती. "रिकामं भांडं परत धाडायचं नाही म्हणते. घराला बरं नसतं."

परळच्या चाळीत त्या दिवशी जवळा झाला. शैलाचे वडील सीताराम गिरणीत कापडाचे साचे चालवायचे. संयुक्त महाराष्ट्र समितीची एकही सभा चुकवायचे नाहीत, आणि जेवताना कुठल्याही विषयावरून मुंबईवर यायचे. त्या दिवशी मात्र त्यांनी मुंबईचा प्रश्न बाजूला ठेवून दुसरी भाकरी मागितली. आई चंपाबाईनं बरणी घासली, पुसली आणि तिच्यात कारळ्याची चटणी भरली. कारण रिकामं भांडं परत धाडायचं नाही ही रीत काही कोळ्यांनीच काढलेली नव्हती.

त्या चटणीवर कफ परेडहून बोंबील आले. बोंबलांवर परळहून लसणाची चटणी गेली. दोन बायका एकमेकींना न बघता, एका बरणीतून एकमेकींशी बोलू लागल्या. चंपाबाईनं एकदा विचारलंच, की शाळेच्या कामात एवढे बोंबील कसे काय लागतात. शैला म्हणाली, निसर्ग-अभ्यास आहे. चंपाबाई म्हणाली, "गोगलगाय आणि पोटात पाय," आणि तिच्याकडे न बघता मिरच्या निवडत राहिली.

गोगलगायींचा प्रश्न मात्र तसाच होता. दुकानातल्या पेट्याही भरल्या होत्या. तुळशीदासानं तोडगा काढला, की त्यांना तळ्यात सोडू, तळ्यातूनच आल्यात. आता मुंबईत तळं शोधायचं म्हणजे कठीण. धोबीतलावात तलाव नाही, गवालिया टँकात टँक नाही, आणि तरीही लोक तिथं बिनदिक्कत उतरतात. शेवटी राहिलं वाळकेश्वरचं बाणगंगा. एका रविवारी दुपारी दोघं तिथं गेली. शाळेच्या बाटलीत गोगलगायी, आणि शैलाच्या पिशवीत चंपाबाईनं दिलेली बरणी, तिळाच्या चटणीची.

तुळशीदास पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत गेला आणि वाकून बघतच राहिला. खालच्या पायरीवरच्या गाळात बारीक बारीक रेघा उमटल्या होत्या, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी एक पिळाचा शंख.

"ह्या आपल्या आधीच पोचल्यात," तो म्हणाला. "बाई, या ना खाली. नातेवाईक भेटलेत."

शैला वरच उभी होती. पाण्यावर ऊन हलत होतं. कुणी तिला अडवलं नव्हतं, तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. पण पाय... पाय काही उचलेना.

तो परत वर आला. काय झालं म्हणाला.

"माझे वडील अठरा वर्षांचे असताना महाडला गेले होते," ती म्हणाली. "तळ्याचं पाणी प्यायला. तहान लागली म्हणून नव्हे. आमच्या लोकांना ते पिऊ देत नव्हते म्हणून. आमच्या घरात तळं नुसतं तळं नसतं. गेल्या वर्षी आम्ही बौद्ध झालो. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मीही... सांगितलं नाही. लपवलं नव्हतं. पण सांगितलंही नाही."

तुळशीदासाला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं. तो म्हणाला, "मला होडी लागते हे मी सांगितलं, तुम्ही हे सांगितलंत. फिटंफाट झाली."

"नाही झाली," शैला म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तुम्हाला होडी लागते म्हणून तुमच्या आज्याला कुणी पाण्यापासून हाकललं नाही."

त्यानं खाली पाहिलं. हातातल्या बाटलीत गोगलगायी काचेवरून सावकाश वर चढत होत्या. तो म्हणाला, "चुकलो."

बस्स, एवढंच. त्यात गंमत नव्हती, म्हणून शैलाला तो पहिल्यांदाच पुरता दिसल्यासारखा वाटला, आणि म्हणूनच पुढचं बोलणं जड गेलं. तिनं पिशवीतली बरणी त्याच्या हातात दिली. म्हणाली, ही कुणाच्या घरातून येते ते आईंना आधी सांगा. मग खायचं की नाही ते त्या ठरवतील. आणि ती परत येईपर्यंत मी दुकानात येणार नाही.

"आणि नाहीच आली तर?"

"तर नाही आली."

मग ती पाण्यापर्यंत गेली. एकटीच, एकेक पायरी उतरत. बाटली तिनं आपल्या हातानं रिकामी केली.

बरणी आली नाही.

एक शनिवार गेला, दुसरा गेला, दिवाळीची सुट्टी लागली आणि संपली. चंपाबाईनं बरणीचं विचारलं नाही. विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं होतं. लोणचं तिनं मुकाट्यानं दुसऱ्या भांड्यात घातलं. सीतारामनी एकदा जेवताना नुसत्या भाकरीकडे बघून "मुंबई..." अशी सुरुवात केली आणि तिथंच थांबले.

शैला स्वतःला समजावत होती. नोकरी होती, शाळा होती, चाळीस मुली होत्या. गोगलगायीला कोणी लागत नाही, तर बाईमाणसाला का लागावं? विचार शास्त्रीय होता. तो ती रोज ट्राममध्ये करायची आणि चर्नी रोडपर्यंत तो टिकायचा.

मग एके दिवशी भर दुपारी वर्गात मुलींचा गलका झाला. काचपेटीतल्या साऱ्या गोगलगायी वाळूतून बाहेर पडून काचेवर चढल्या होत्या. उजेडाला तोंड न दाखवणाऱ्या त्या, आज पाण्याच्या अगदी कडेला गर्दी करून चिकटल्या होत्या. शैलानं वाचलं होतं, पाणी नासलं, श्वास पुरेना झाला, की त्या अशा दिवसाढवळ्या वर येतात. तिनं बाह्या सारल्या आणि तळाशी हात घातला. मुलींनी लाडानं टाकलेले कुरमुरे गवताखाली कुजून पडले होते. तिनं ते उपसले, पाणी बदललं. तास संपेपर्यंत एकेक शंख सावकाश उतरून वाळूत दिसेनासा झाला.

ती काचेशी बसून राहिली. ज्यांना कुणीच लागत नाही म्हणून ती चाळीस मुलींसमोर कौतुक करायची, त्यांनाही श्वास कोंडला की वर यावं लागत होतं, सगळ्यांना दिसेल असं. आणि आपण? आपण अजून वाळूतच बसलो आहोत, बरणीची वाट बघत. तिनं ठरवलं, येत्या शनिवारी दुकानात जायचं. उत्तर काय असेल ते असो, पण तोंडावर ऐकायचं.

शनिवारपर्यंत थांबावं लागलं नाही.

शुक्रवारी शाळेला सुट्टी होती. सकाळी चाळीच्या जिन्यावर बांगड्यांचा आवाज आला, पाठोपाठ मासळीचा वास आला आणि त्याच्या पाठोपाठ पुतळाबाई आली. हिरवं लुगडं, केसात अबोली, डोक्यावर टोपली. चाळीतली दारं धडाधड उघडली, कारण मासळीवाली चाळीत शिरली तरी वर यायची नाही, खालून हाक मारायची. ही दार विचारत आली. सीतारामच्या दारात टोपली उतरवली, शैलाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "ती तूच काय गो? बिनमासाचे शंख धाडणारी?"

शैलानं मान हलवली.

पुतळाबाई उंबऱ्याच्या आत येऊन बसली. लेकानं मला सांगितलंय, ती म्हणाली. त्याच दिवशी सांगितलं. मला राग आला. खोटं कशाला बोलू? राग आला आणि मी बरणी फेकली. तुमची बरणी फुटली.

चंपाबाईचा चेहरा दगडासारखा झाला. सीतारामनी चष्मा काढून हातात धरला.

"फेकली तवा वाटलं, संपलं," पुतळाबाई सांगत राहिली. "पण संपंना. लोकांचं भांडं रिकामं धाडायचं नाय, हे माझी आय मना सांगून गेली. फुटलेल्याचं काय करायचं ते सांगून गेली नाय. फुटकं तर रिकाम्याच्या वरताण. रोज लालबागला बसते, परळ समोर हाय, आणि डोक्यावर हे ओझं. मासळी तोलताना पण तेच. मग एक दिवस म्हटलं, पुतळे, तुझ्या टोपलीतला मासा कुणाकुणाच्या घरात जातो? तू कधी विचारलंस? आणि ह्यांची चटणी तू एवढे दिवस खाल्लीस. ती काय आता भाईर येणार हाय?"

तिनं टोपलीवरचं फडकं उचललं. आत नवी कोरी बरणी होती, आधीच्या दुप्पट. झाकणापर्यंत सुक्या कोळंबीचे सोडे भरलेले.

कुणी हात पुढं केला नाही. मग सीताराम हळू आवाजात बोलले. म्हणाले, बरणीचं आमच्या मनात नाही. पण एक सांगून ठेवतो. आमची पोर आपला धर्म सोडणार नाही, आणि मान खाली घालून कुणाच्या घरात नांदणार नाही. बाकीचं तिचं तिला विचारा.

"होडीत बसला तर ओकतो, असा लेक हाय माझा," पुतळाबाई म्हणाली. "त्याला बदलता बदलता आमच्या तीन पिढ्या दमल्या. तुमच्या पोरीला बदलायला ताकद हाय कुणात? वस्तीत लोक बोलतील, ते मी आजच सांगते. बोलले तर मी पण बोलीन, आणि माझ्यासारखं मोठ्यानं कुणाला बोलता येत नाय." ती थांबली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज जरा अडखळला. "आता... जिने चढून आले. पाणी द्या की गो कुणीतरी."

चंपाबाईनं शैलाकडे पाहिलं. शैला माठाशी गेली, तांब्या भरला. थोडं पाणी पायावर सांडलं. पुतळाबाईनं तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि घटाघट प्याली. सगळा. सीताराम तिच्याकडे बघत होते, आणि शैला वडिलांकडे. एकोणीसशे सत्तावीस सालापासून ते ज्या कुठल्या पायरीवर उभे होते, तिथून ते त्या क्षणी एक पायरी खाली उतरले असावेत, कारण त्यांनी चष्मा परत लावला आणि म्हणाले, "चंपा, बाईंना चहा ठेव."

मग शैलाला म्हणाले, "आणि खाली कोण उभा आहे त्यालाही बोलव. मघापासून पोरं त्याला समितीचा कार्यकर्ता समजून घोषणा द्यायला लावताहेत."

ती जिना उतरली. अर्ध्या जिन्यातच तो भेटला. घसा बसलेला, कपाळावर घाम, आणि दोन्ही हातांत एक लहानशी बाटली जपून धरलेली.

"आई म्हणाली, रिकाम्या हातानं जायचं नाही," तो म्हणाला.

शैलानं बाटली उजेडात धरली. तळाशी जराशी वाळू होती, आणि वाळूवर पिळाच्या दोन गोगलगायी.

"हिला दुसरं कोणी लागत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं होतं."

"माहीत आहे."

"मग दोन कशाला?"

तो काहीतरी विनोदी बोलणार हे तिला दिसलं. ओठांच्या कोपऱ्यापर्यंत ते आलंही होतं. मग त्यानं ते तसंच राहू दिलं.

"लागत नाही म्हणूनच," तो म्हणाला. "लागत नसतानाही सोबत राहिली तर... तर ती खरी, असं मला वाटतं. शैला."

ह्या वेळी 'बाई' म्हणाला नाही. वरच्या मजल्यावरून चंपाबाईनं चहा झाल्याची हाक दिली, पुतळाबाई कुणाला तरी सोडे कसे भिजवायचे ते मोठ्यानं सांगत होती, आणि शैला जिन्यात तशीच उभी होती. बाटलीतली एक गोगलगाय वाळूत शिरायला निघाली होती. दुसरी जरा थांबली, आणि मग, कुणाचीही घाई नसल्यासारखी, तिच्या मागोमाग गेली.

"चल वर," शैला म्हणाली. "तुझा चहा निवेल."